मुरूम, पाट आणि पाणंद : नाशिकभोवतीच्या कच्च्या सायकलवाटा

नाशिक शहरातून कोणत्याही दिशेला दहा-बारा किलोमीटर गेले की डांबरी रस्त्याला कच्च्या वाटा फुटू लागतात. कुठे दोन शेतांच्या बांधांमधून जाणारी पाणंद, कुठे दोन गावांच्या हद्दीवरचा शिवरस्ता, कुठे पाटाच्या कडेने गेलेली तपासणीची वाट, तर कुठे द्राक्षबागेत ट्रॅक्टर नेता यावा म्हणून शेतकऱ्याने स्वखर्चाने मुरूम टाकून केलेला रस्ता. यांतली एकही वाट सायकलसाठी केलेली नाही. तरीही पश्चिमेचे डोंगरउतार, उत्तरेच्या द्राक्षबागा आणि पूर्वेचा नदीकाठ हे तिन्ही मुलूख जवळून पाहायचे, तर या वाटांवरून सायकलने जाण्यासारखा दुसरा मार्ग नाही. मोटारीला त्या अरुंद पडतात आणि पायी चालणाऱ्याला एका दिवसात लांब.

खडी-मातीच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची सायकल चालवण्याचा हा प्रकार जगभर ‘ग्रॅव्हल’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाभोवती २००६ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीने त्याला मोठे नाव मिळवून दिले आणि २०२२ मध्ये इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. स्पेनमधले जिरोना हे जुने तटबंदीचे शहर तर अशा सायकलस्वारांचे मुख्य ठाणेच झाले आहे. तिथे १९६९ मध्ये बंद पडलेल्या अरुंदमापी रेल्वेच्या मार्गावर ओलोतपासून जिरोनापर्यंत सुमारे ५५ किलोमीटरची कच्ची सायकलवाट केलेली आहे, खुणांचे खांब आहेत, नकाशे आहेत. नाशिकमध्ये यातले काही नाही. इथली वाट शेतीची आहे, शेतीच्या कामासाठी ती राहते किंवा बुजते, आणि सायकलस्वार तिच्यावरचा पाहुणा असतो. नाशिकच्या वाटांचे सगळे गुण आणि सगळ्या अडचणी इथूनच निघतात.

सायकलीच्या नकाशावर नाशिकचे नाव आले ते डांबरी रस्त्यांमुळे. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या नाशिककर भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये त्या वेळी नाशिकमध्ये असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. नाशिकच्या सायकलस्वारांची पंढरपूरची सायकलवारीही अनेक वर्षे चालू आहे. या सगळ्यांतून लांब अंतराची सवय असलेला मोठा वर्ग शहरात तयार झाला. मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्र्यंबक रस्त्यावरची वाहने वाढत गेली, तसतसा यातल्या काहींचा मोर्चा आडवाटांकडे वळला.

वाट कशी लागेल हे ठरवते ती जमीन. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठाराच्या पश्चिम कडेला वसले आहे. खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. तो उन्हापावसाने झिजून ठिसूळ होतो तेव्हा त्याचा मुरूम होतो आणि आणखी कुजून सपाटीवर साठतो तेव्हा काळी माती. शहराच्या पश्चिमेला, त्र्यंबक आणि हरसूलकडे, उतारांवर मुरूम उघडा पडलेला आहे. पूर्वेला निफाडकडे गोदावरीच्या दोन्ही काठांना खोल काळी जमीन आहे. पाऊसही असाच उतरत जातो. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर, नाशिक शहरात त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी.

मुरमातून पाणी चटकन झिरपते. पावसाची सर थांबल्यावर तासाभरात अशी वाट पुन्हा चालू होते, चाकाखाली बारीक करकर वाजते आणि उतारावरही पकड सुटत नाही. काळ्या मातीचे उलट. ती पाणी धरून फुगते, टायरला थरावर थर चढतो आणि शेवटी चाक चिमट्यात अडकून फिरेनासे होते. अशा वेळी सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर नसते. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट होतात. मात्र सर्वांत वाईट वाट या दोन्हींपैकी नव्हे. खडीकरण झाले आहे पण वर मुरूम पडून दबाई झालेली नाही, असा मधल्या अवस्थेतला रस्ता कोणत्याही टायरला सोसत नाही, आणि निधीची वाट पाहत तो त्या अवस्थेत वर्षानुवर्षे पडून राहू शकतो.

टायरची रुंदी म्हणून महत्त्वाची. ग्रॅव्हल सायकलला साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात आणि हवा रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलपेक्षा बरीच कमी ठेवतात. या महागड्या सायकलींच्या जाहिराती पाहून हे काही नवे तंत्र आहे असे वाटेल. पण दूध घालणाऱ्याच्या आणि शाळामास्तरांच्या जुन्या काळ्या सायकलचा २८ इंची, दीड इंच रुंदीचा टायर मोजला तर तो ४० मिलिमीटरच्या आसपासच भरतो. पूर्वी गावोगावचे सगळे रस्ते कच्चेच होते आणि ती सायकल त्यांच्यासाठीच होती. आजही नाशिकभोवतीच्या वाटांवर मध्यम जाडीच्या टायरची साधी हायब्रिड किंवा माउंटन सायकल उत्तम चालते. खरा शत्रू काटा आहे. बांधावरची बाभूळ, कुंपणाला लावलेली वेडी बाभूळ आणि पावसाळ्यानंतर वाटेवरच पसरणारे सराटे एका फेरीत दोन-तीन पंक्चर सहज करतात. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये भोक बुजवणारा द्रव भरला की हा त्रास बराच कमी होतो, तो नसेल तर जादा ट्यूब आणि पंप हवेतच.

या वाटांवरून जाण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न बहुतेक सायकलस्वारांना पडत नाही, पण तो पडायला हवा. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. हे मार्ग सार्वजनिक असतात. याशिवाय शेताच्या बांधावरून जाण्यायेण्याची वहिवाट असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो, आणि आधीपासून चालू असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तो अडथळा काढायला लावू शकतो. बांधावरची वहिवाट ही शेतकऱ्याला आपल्या शेतात पोहोचण्यासाठी दिलेली सोय आहे. तिच्यावरून हिंडण्याचा सर्वांना हक्क नाही. म्हणून बागेत शिरणाऱ्या वाटेवर कोणी दिसले तर थांबून ‘दादा, ही वाट पुढं निघते का?’ एवढे विचारणे हा शिष्टाचारही आहे आणि शहाणपणाही. पुढे ओढ्याला पाणी आहे, कुत्री मोकळी आहेत किंवा वाट विहिरीपाशीच संपते, हे उपग्रहाच्या चित्रात कळत नाही.

पश्चिमेची फेरी सर्वांत जुन्या मुलखातून जाते. गंगापूर रस्त्याने आनंदवली आणि सोमेश्वर मागे टाकले की गंगापूर आणि गोवर्धन ही गावे लागतात. गोवर्धनचे नाव शहराच्या दक्षिणेला असलेल्या पांडवलेण्यांत कोरलेले आहे. लेणे क्रमांक १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्यांत भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे त्याने धर्मशाळा बांधल्याचे सांगितले आहे, शिवाय तापी, दमणा, डहाणुका अशा नद्यांवर मोफत नावांची सोय केल्याचे. म्हणजे शूर्पारक अर्थात सोपाऱ्याच्या बंदरातून घाट चढून पैठणकडे जाणारा वाटसरू सुमारे १,९०० वर्षांपूर्वी याच परिसरात मुक्काम करत होता. आजच्या वाटा त्याच्याच पावलांवर पडतात असे म्हणता येणार नाही, पण घाटमाथा, नदी आणि सपाटी यांची मांडणी बदललेली नाही, आणि चढ नेमका कुठे संपतो हे सायकलच्या पायट्यांवर आजही तसेच कळते.

गोवर्धनच्या पुढे गंगापूर धरण आहे. १९६५ मध्ये पूर्ण झालेले हे मातीचे धरण नाशिकला पाणी पुरवते. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी नसते, पण फुगवट्याच्या उत्तर अंगाने सावरगाव, गंगावऱ्हे आणि गिरणारे या पट्ट्यात कच्च्या वाटांचे चांगले जाळे आहे. याच भागात १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सुला’ने वाइनची द्राक्षे लावली आणि शनिवार-रविवारी डांबरी रस्ता मोटारींनी भरू लागला. मागच्या मुरमाच्या वाटा मात्र शांत राहिल्या. गिरणारे हे टोमॅटोचे मोठे बाजारगाव, हंगामात कॅरेटनी भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग लागलेली असते. तिथून धोंडेगाव आणि कश्यपी धरणाकडे जाताना बागा संपतात आणि भाताची खाचरे, नागली-वरईचे उतार सुरू होतात. वस्ती महादेव कोळी आणि कोकणा समाजाची. वाट डोंगराच्या कुशीतून वरखाली जाते, दम लागतो, पण प्रत्येक चढानंतर पाण्याचा नवा तुकडा दिसतो.

फुगवट्याच्या दक्षिण अंगाला त्र्यंबक रस्ता आहे. तो टाळून महिरावणीच्या मागून बेझे-चाकोरेकडे निघाले तर अंजनेरीचा प्रचंड कडा बराच वेळ सोबत करतो. सुमारे १,२८० मीटर उंचीच्या अंजनेरीच्या माथ्यावर ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही दुर्मीळ वनस्पती आढळते, आणि हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र असल्याने सायकल पायथ्याशीच ठेवावी लागते. इथून त्र्यंबकेश्वर जवळ आहे. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी गावोगावच्या दिंड्या याच परिसरातून पायी येतात. त्या दिवसांत रस्ता चालणाऱ्यांचा असतो आणि सायकलस्वाराने दुसरी दिशा धरावी हे योग्य.

दक्षिणेकडे फार काही सांगण्यासारखे नाही. पांडवलेण्यांच्या पलीकडे विल्होळी आणि बहुला किल्ल्याचा परिसर मुरमाचा आहे, मोहात पाडणारा आहे, पण देवळालीच्या तोफखाना प्रशालेचे गोळीबार क्षेत्र तिथेच असल्याने मोठा भाग बंद असतो. सूचनाफलक आणि लाल निशाण दिसले की मागे फिरावे. सिन्नरकडे वाटा भरपूर आहेत, मात्र औद्योगिक वसाहत आणि समृद्धी महामार्ग यांनी त्या जागोजागी तोडल्या आहेत. तिकडे जायचेच तर गोंदेश्वराच्या यादवकालीन मंदिरासाठी जावे.

उत्तरेची फेरी म्हसरूळहून सुरू होते. चामरलेण्याच्या, म्हणजे गजपंथाच्या डोंगराला वळसा घालून वरवंडीकडे जाणारा भाग वनखात्याच्या जमिनीला लागून आहे आणि पहाटे तिथे मोर हमखास ओरडतात. पुढे पेठ रस्ता ओलांडला की आशेवाडी, आणि तिच्या डोक्यावर रामशेज. १६८२ मध्ये मोगलांनी या किल्ल्याला वेढा घातला आणि मराठ्यांच्या शिबंदीने तो काही वर्षे झुंजवला, ही गोष्ट नाशिकच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. किल्ल्याभोवतीच्या मातीच्या वाटांवरून फेरी मारली म्हणजे त्या लढ्याचे मोल अधिक कळते. सह्याद्रीतल्या गडांना दाट रान आणि खोल दऱ्यांचे संरक्षण असते. रामशेज जवळपास सपाटीत, सुटा, मध्यम उंचीचा उभा आहे, तोफा सहज आणता येतील अशा जागी. त्याच्या बाजूने काय होते, तर सरळ तुटलेला कडा आणि आतली माणसे.

रामशेजच्या समोरचा बोरगड २००८ मध्ये राज्यातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तुंगलदऱ्याच्या बाजूचे रान तेव्हापासून राखले गेले आहे. तिथे परवानगीशिवाय सायकल नेऊ नये.

मग दिंडोरी तालुका, द्राक्षांचा मुलूख. इथल्या वाटांची अवस्था बागेच्या वेळापत्रकावर चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी. गोडी छाटणीनंतर फवारणीचे ट्रॅक्टर दिवसातून अनेकदा फिरतात. त्यांना पावसातही अडकून चालत नाही, त्यामुळे बागाईतदार आपल्या वाटा मुरूम टाकून पक्क्या ठेवतात. सायकलसाठी तालुक्यातले सर्वांत गुळगुळीत कच्चे रस्ते हेच. मात्र ब्लोअर चालू असलेल्या बागेजवळून जाणे टाळावे. औषधाचा फवारा वाऱ्याने वाटेवर येतो. काढणीच्या काळात अनोळखी माणूस मांडवाखाली शिरलेला कोणालाच आवडत नाही, कारण निर्यातीच्या मालावर एका हंगामाचे कर्ज उभे असते.

याच तालुक्यातल्या वाघाड धरणाचा पाट मुद्दाम पाहण्याजोगा आहे. धरण झाले तरी पाटाच्या शेपटाला, ओझरकडच्या शेतांना, पाणी पोहोचत नव्हते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९१ मध्ये तिथे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, पाणी मोजून घेतले जाऊ लागले आणि पुढे सगळ्या प्रकल्पाचेच व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. महाराष्ट्रात २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, त्याआधीचे हे काम. पाटाच्या वाटेने शेपटाकडून धरणाकडे सायकल चालवत गेले की चाऱ्या, दारे, मोजपट्ट्या एकामागून एक दिसत जातात, आणि पाण्याचे न्याय्य वाटप म्हणजे किती हातांचे काम असते हे ध्यानात येते. पाटाची वाट चढउतार जवळजवळ नसलेली असते. पाणी ज्या बेताने उतरते त्याच बेताने ती उतरते. अट एवढीच, की आवर्तन चालू असताना पाझराने भरावाची कड भुसभुशीत होते, तेव्हा चाक मध्यावर ठेवावे.

पूर्वेची वाट सर्वांत सोपी आणि तरीही सर्वांत हंगामी. छत्रपती संभाजीनगरचा रस्ता माडसांगवी-लाखलगावपर्यंत धरून पुढे गोदावरीच्या काठाने चांदोरी आणि सायखेडा गाठता येते. पुराने प्रसिद्ध झालेली ही दोन गावे. चांदोरीला नदीपात्रातली जुनी मंदिरे उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडतात. इथून पुढे ऊस, कांदा, गहू आणि काळी जमीन. रस्ता सपाट, पण पावसाळ्यात आणि शेताला पाणी सोडल्यावर निरुपयोगी. उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर आहे, पिल्लेही तिथेच वाढतात. म्हणून अंधारात या वाटांवर जाऊ नये आणि ऊसतोड चालू असेल तिथे फडाला चिकटून थांबू नये.

शेवट नांदूरमध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्याने पाणी अडले, गाळ साचत गेला आणि उथळ दलदल तयार झाली. धरणाच्या दृष्टीने हा तोटा, पक्ष्यांच्या दृष्टीने पर्वणी. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत आलेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र आहे. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, शराटी आणि वारकरी पक्ष्यांचे थवे इथे उतरतात. चापडगाव आणि खाणगाव थडीच्या बाजूने पाण्याजवळ पोहोचता येते. नाशिकहून एवढे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भरते. सकाळी लवकर निघणाऱ्याने अंगात गरम कपडे घालावेत, कारण निफाडची थंडी राज्यात नाव काढते आणि कितीतरी डिसेंबर-जानेवारीत राज्यातले नीचांकी तापमान इथेच नोंदले जाते.

एकंदर हंगाम असा, की पश्चिमेला ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, आणि मुरमामुळे पावसाची उघडीप मिळाली तर श्रावणातही. उत्तरेला नोव्हेंबर ते मार्च. पूर्वेला डिसेंबर आणि जानेवारी हेच दोन महिने खरे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर या वाटांवर सावली नाही.

या वाटा आहेत तशा राहणार नाहीत. राज्य सरकारने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, तिच्यातून अनेक पाणंदी रुंद आणि पक्क्या होत आहेत. याबद्दल सायकलस्वाराने हळहळू नये. खड्ड्यांतून नेलेले टोमॅटो आणि द्राक्षे मार खातात आणि भाव उतरतो. बारमाही रस्ता ही शेतकऱ्याची गरज आहे. चिंतेची गोष्ट दुसरी आहे. शहराच्या कडेला मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळ या भागांत शेते बिनशेती होऊन प्लॉट पडतात, तेव्हा गावनकाशावरची तुटक रेष भिंतीखाली जाते. शेत उरले नाही की त्या वाटेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करणारा शेतकरीही उरत नाही, आणि शेकडो वर्षे पायांनी मळलेली वाट एका हंगामात नाहीशी होते. ती वाचवायची तर आधी ती कागदावर कुठे आहे हे माहीत हवे. गावनकाशे भूमी अभिलेख विभागाकडे मिळतात. सायकलस्वार आपल्या फेऱ्यांच्या नोंदी उपग्रह यंत्रणेने ठेवतातच. त्या नोंदी गावनकाशावर बसवून कोणत्या वाटा अजून चालू आहेत आणि कोणत्या कुठे अडल्या आहेत, याची गाववार यादी करता येईल. मखमलाबादपासून सुरुवात करावी, कारण तिथे पाट, पाणंद आणि नवे प्लॉट तिन्ही एकाच शिवारात आहेत.